आंदणातलं ग्राफिक्स कार्ड

ओमेश्वरी रहांगडालेच्या लग्नात आलमारी, दिवाण आणि भांड्यांचा डोंगर यायचा होता. त्याऐवजी आंदणात कॉम्प्युटरचे चार डबे आले आणि त्यातले तीन रिकामे होते. ते का आले असं विचारलं की रहांगडाल्यांच्या भावकीत आजही प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

ओमेश्वरीचं गाव फुलचूरच्या पलीकडे. गोंदियाच्या कॉलेजात बीसीए करता करता तिला गेम बनवायचं खूळ लागलं. खूळ हा शब्द तिच्या बापाचा, बिसनलालचा. नुसतं खेळायचं खूळ असतं तर गावाने समजून घेतलं असतं, कारण मोबाईलवर साप पळवणारे रिकामटेकडे गावात पुष्कळ होते. पण खेळ बनवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. तिचा गेम शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा होता. दोन बैलजोड्या, हातात कासरा धरलेले दोन धुरकरी, आणि धानकटाईनंतरचं बांदीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं, सपाट मैदान.

बिसनलालने तरुणपणी स्वतः पटात जोडी पळवली होती. एकदा धान विकायला गोंदियाला आला असताना ओमेश्वरीने त्याला हाताला धरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं आणि पडद्यावर पट दाखवला. त्याने कमरेवर हात ठेवून सगळा पाहिला.

"बैल बरे हायेत," तो म्हणाला. "पन धूळ कोठी हाय? धूळ नसन त पट कायचा बाई? ही त बैलायची वरात होऊन राहिली."

हे तिला फार लागलं, कारण ते खरं होतं. मग तिने धूळ बनवायला घेतली. एकेक कण वेगळा उडाला पाहिजे, खुरामागून उठला पाहिजे, वाऱ्याबरोबर वळला पाहिजे. धूळ सुंदर झाली. पण ती उडाली की लॅबमधल्या कॉम्प्युटरचा जीव जायचा आणि पटाचे बैल बाजाराला निघाल्यासारखे पाय ओढत चालायचे. अशा धुळीला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे तिला तेव्हा कळलं. तेवढ्यात कॉलेज संपलं, लॅबचं दार बंद झालं आणि लगोलग सोयरीक आली.

मुलगा लोकेंद्र, अर्जुनी मोरगावकडचा. घरची शेती इटियाडोहच्या कालव्यावर आणि तो स्वतः राईस मिलमध्ये सुपरवायझर. त्याचे वडील केवळराम हे सरळ मनाचे गृहस्थ होते, आणि सरळ मनाच्या माणसांचे नियम फार कडक असतात. बैठकीत चहा पिता पिता त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आंदनात जे येईन ते सूनबाईचं. आमच्या घरचा कोनी त्याले हात नाही लावनार. मंग आमच्या पैशानं जे येईन ते घरचं, ते सगळ्यायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या ओमेश्वरीने मात्र लगेच हिशेब केला. घरचा कॉम्प्युटर म्हणजे त्यावर दिराचे सिनेमे, मिलचा हिशेब, शेजारच्या पोरांचे निकाल, आणि भांडी घासून झाल्यावर तिची पाळी यायची तेव्हा नेमकी लाईट जायची. मशीन तिचं स्वतःचं हवं असेल तर ते तिच्यासोबत मांडवातूनच निघालं पाहिजे. पुन्हा अशी संधी यायची नव्हती.

"मले आलमारी नोको, बाबा," ती म्हणाली. "कॉम्प्युटर पाह्यजे."

कमीत कमी पैशात काय बसेल याचा अभ्यास तिने करून ठेवलाच होता. प्रोसेसर असा की वेळ पडली तर पडद्यावर चित्र काढायचं काम स्वतःच करील. ग्राफिक्स कार्ड फार भारी नको, धूळ उडवण्यापुरतं. डबा, म्हणजे कॅबिनेट, कोणताही चालेल, पैसा आतल्या मालावर लावायचा. हे शेवटचं वाक्य तिने बापाला नीट समजावून सांगितलं होतं. पुढे जे झालं ते पाहता भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

बिसनलालने विचार केला आणि त्याला एक कल्पना सुचली. नातेवाईक भांडी देणारच आहेत, मग गुंड नि गंज देण्याऐवजी प्रत्येकाने कॉम्प्युटरचा एकेक भाग द्यावा. कॉम्प्युटर आपणच शोधून काढला अशा ऐटीत त्याने भावकीला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर ओमेश्वरीने अंगणात उभं राहून कोणता भाग काय करतो ते सांगितलं.

तिचा मामा नंदलाल बिसेन सगळ्यात पुढे बसला होता. "यात सगळ्यात भारी काय हाय, ते सांग," त्याने मधेच तोडलं.

"ग्राफिक्स कार्ड, मामाजी."

"ते माह्यं. भाचीच्या लग्नात मामापेक्षा भारी कोनी देल्लं, त मी मांडवात पाय नाही ठेवनार."

कार्डाचं ठरलं. ओमेश्वरीला आनंद झाला, आणि तो अगदी थोडा वेळ टिकला. कारण सगळ्यात मोठं, समोरून दिसणारं आणि निळे दिवे लागणारं काही असेल तर ते कॅबिनेट, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. एका काकाने कॅबिनेट जाहीर केलं. लगेच दुसऱ्यानेही केलं. पहिल्या दोघांशी बोलणं नसलेल्या आणखी दोघांनी ईर्ष्येने केलं.

"अवो, पन एकच लागते!" ओमेश्वरी कळवळून म्हणाली.

"एका गंजानं कोनाचा संसार झाला हाय का, बाई?" काकू म्हणाली, आणि यावर सगळ्या बायका हसल्या.

मदरबोर्ड ताटाएवढा रुंद निघाला म्हणून तो दोन चुलतभावांनी मिळून घेतला. रॅमच्या पट्ट्यांना पत्र्याचं चकचकीत आवरण असतं असं कळल्यावर तिथेही गिऱ्हाईक मिळालं. उरला प्रोसेसर. तो बिस्किटाएवढा असतो हे ऐकल्यावर जो तो सुपारी कातरू लागला. एवढंसं देऊन आपली इज्जत काय राहील, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

तेव्हा धुरपता आत्या उठल्या. बिसनलालची ही थोरली बहीण. हात इतका आखडता की प्रतापगडच्या जत्रेला जाताना घरून चहापत्ती बांधून न्यायच्या आणि हॉटेलवाल्याकडे नुसतं गरम पाणी मागायच्या. बिस्किटाएवढी वस्तू ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता. "पोरीची सख्खी आत्या हाय मी," त्या छाती पुढे काढून म्हणाल्या. "ते बिस्कुट माह्याकडून."

गोंदियाच्या दुकानात त्या बिस्किटाची किंमत ऐकल्यावर आत्या पायरीवरच बसल्या.

"सोन्याचं हाय का बापा?"

"माताजी, यही तो कंप्यूटर का दिमाग है," दुकानदार म्हणाला.

"दिमाग येवढासाच असते?"

"सबका इतना ही होता है, माताजी."

आत्यांनी याहून लहान आहे का विचारलं. लहान होतं, पण ते आणखी महाग होतं. भावकीसमोर शब्द गेला होता. त्यांनी कनवटीची गाठ सोडली ती दुसरीकडे तोंड करून, आणि परत येताना टेम्पोत त्या बिल पुन्हा पुन्हा उलगडून पाहत राहिल्या.

माल घेऊन झाला. प्रत्येकाने आपापली पिशवी घरी नेली, कारण आंदण मांडवातच द्यायचं असतं. कोणी खोके फोडू नका, मी स्वतः जोडीन, असं ओमेश्वरीने हात जोडून सांगितलं आणि ती हळदीच्या तयारीला लागली. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली नव्हती. आपल्याकडे आंदणाच्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नसेल तर ती वस्तू दिली काय नि न दिली काय! नंदलालमामाला हे आधी सुचलं. मग मामाचं पाहून बाकीचे निघाले, ते थेट भांड्यांच्या बाजारात कवडूकडे.

कवडू भांड्यांवर नावं टाकायचा. विजेची ती कुर्रर्र वाजणारी लेखणी घेऊन त्याने अर्ध्या जिल्ह्याचे गुंड, कळशा आणि ताटं कोरली होती. वस्तू काय आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं, फक्त मजकूर विचारायचा. ग्राफिक्स कार्डावर मामाने मजकूर सांगितला तो असा: चि. सौ. कां. ओमेश्वरी व जावई लोकेंद्र यांस नंदलाल बिसेन, मामा, तालुका आमगाव, यांजकडून सप्रेम भेट. एका बाजूला बसेना म्हणून पाठीवरही घेतला.

"हिरव्या पत्र्यावर अक्षर मस्त उठते गा," कवडू खुश होऊन म्हणाला. "आतून तांब्याची चमक येऊन राहिली."

येणारच. कार्डाच्या नसा तांब्याच्याच असतात, आणि त्या त्याने एकेक करून खरवडल्या होत्या.

रॅमचं नाव पत्र्याच्या आवरणावर पडलं म्हणून ती वाचली. मदरबोर्डवर कोणाचं नाव आधी यावं यावरून दोघा चुलतभावांचं कवडूच्या दुकानातच भांडण झालं आणि ते बोर्ड कोराच घेऊन परतले, म्हणून तो वाचला. प्रोसेसरला वरून धातूचं झाकण असतं. त्यावर जेमतेम एक नाव मावलं, धुरपता, आणि तोही वाचला. भारी असलेलं तेवढं मेलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा माल घरी आला तेव्हा ओमेश्वरीच्या हाताला हळद होती. तिने कार्ड खोक्यातून काढलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं. तरी तिने जोडून पाहिलं. कार्ड लावलं की मशीनचा पंखासुद्धा हलत नव्हता. काढलं की प्रोसेसर बिचारा स्वतःच चित्र काढायचा. तिने टिकेश नावाच्या चुलतभावाला गाडी काढायला लावली आणि तशाच हळदीच्या हाताने दुकान गाठलं. दुकानदाराने मामाचा मजकूर मोठ्याने, आदराने, पत्त्यासकट वाचला.

"बेटी, नाम डला हुआ माल वापस नहीं होता," तो म्हणाला. "बर्तन भी नहीं होता, तू पूछ ले."

ती परतताना गाडीवर रडली. दुसरं कार्ड घ्यायला बापाकडे आता मागवत नव्हतं, आणि मामाला खरं सांगावं तर मांडवच मोडला असता.

दुसऱ्या दिवशी मांडवात माईकवरून आंदणाची नावं पुकारली जाऊ लागली. "नंदलालमामांकडून ग्राफिक्स कार्ड!" असं झाल्यावर मामा उठून टेबलापाशी आला. मशीन जोडून बंद केलेलं होतं. त्याने डब्याच्या चारी बाजू पाहिल्या.

"माह्यं नाव कोठी हाय?"

मामाचा हात फेट्याकडे गेला. भर मांडवात मामाने फेटा उतरवला म्हणजे तो रुसून निघाला, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बँडवालासुद्धा वाजवायचा थांबला. ओमेश्वरी बाशिंग सावरत उभी राहिली.

"मामाजी, एवढं भारी कार्ड आत दडवाले माहा जीव नाही झाला," ती म्हणाली. "ते बाहेरून लावू."

मेलेलं कार्ड मग लाल दोऱ्याने डब्याच्या पुढच्या बाजूला बांधलं गेलं. कोणीतरी त्याला झेंडूची माळ घातली. मामाने लांब जाऊन, जवळ येऊन, मान वाकडी करून मजकूर वाचला आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. कॅबिनेटवाल्यांची नावं डब्यांवर होतीच, निळे दिवेही लागले. रॅम नि मदरबोर्डवाल्यांनी आपापली रिकामी खोकी नाव लिहून टेबलावर मांडली होती. फक्त एका नावाचा पत्ता नव्हता.

"अन् धुरपताबाईनं काय देल्लं?" एका बाईने विचारलं.

"आत हाय," आत्या म्हणाल्या.

"आत म्हनते! दिसत त नाही."

बायका एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. ज्या माणसाने आयुष्यभर हात आखडता घेतला, त्याने एकदा सैल सोडला आणि नेमका तोच कोणाला दिसू नये! पंगतीत आत्यांनी बुंदी वाढणाऱ्याला हाताने नको म्हटलं. नवरदेव लोकेंद्र समोरच्याच पंगतीत होता.

सासरी केवळरामांनी शब्द पाळला. मशीनला ओमेश्वरीशिवाय कोणी हात लावत नसे. उलट येणारे-जाणारे माळ घातलेल्या कार्डाला नमस्कार करायचे, आणि सासूबाई त्याला शनिवारी उदबत्ती ओवाळू लागल्या. रिकाम्या डब्यांपैकी दोन, हवा खेळती राहते म्हणून, कांद्यांना मिळाले. तिसऱ्यात कोंबडी अंड्यांवर बसली.

रोजचं काम आटोपलं की ओमेश्वरी पटाला बसायची. धूळ काढली की बैल पळायचे आणि तो पट वाटायचा नाही. धूळ घातली की बैल चालायचे. तिने धूळ कमी केली, जाड केली, एका बैलामागेच उडवून पाहिली. काही जमेना. ती चिडचिडी झाली, सासरी चिडचिड दाखवता येत नाही म्हणून आणखी चिडचिडी झाली, आणि एक दिवस भाजीत मीठ दोनदा पडलं.

लोकेंद्र त्या दिवशी तिच्या मागे येऊन बसला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "हे बैल कोनाच्या मयतीले जाऊन राहिले का?" त्याने विचारलं.

तेव्हा तिने त्याला मामाच्या कार्डाची खरी गोष्ट सांगितली. आतापर्यंत तिने ती कोणालाच सांगितली नव्हती. लोकेंद्र आधी पोट धरून हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला.

दिवाळीचा बोनस झाल्यावर तो गोंदियाहून एक खोकं घेऊन आला. तसंच कार्ड, कोरं. ओमेश्वरीने ते छातीशी धरलं. आता बैल पळणार होते, धुळीसकट. तेवढ्यात ओसरीवरून केवळरामांनी विचारलं, "काय आनलं गा? कोनाच्या पैशानं?"

"माह्या," लोकेंद्र म्हणाला.

"मंग घरचं झालं," केवळराम म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जराही वाकडेपणा नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. "घरची वस्तू लागली का मशीन सगळ्यायचं. नियम त नियम."

धाकटा दीर नीलेश हे ऐकून सिनेमांनी भरलेला पेनड्राइव्ह शोधायला आत पळालासुद्धा. ओमेश्वरीने खोकं एकदा उलटंसुलटं पाहिलं आणि न उघडताच लोकेंद्रच्या हातात परत दिलं.

"चालू द्या बैल," ती म्हणाली. "चालतेत, पन माहे हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या ट्रकमध्ये बसून लोकेंद्र खोक्यासकट गोंदियाला गेला. कार्ड परत करायला गेला असं तिने धरून चाललं आणि दिवसभर तिने मशीन सुरूच केलं नाही. संध्याकाळी तो परतला तेव्हा खोकं त्याच्या हातातच होतं, आणि फोडलेलं होतं.

"कवडूकडे गेलो होतो," तो म्हणाला.

हाही त्यातलाच निघाला! ओमेश्वरीने कार्ड बाहेर काढलं. हिरव्या पाटीवर एक ओरखडा नव्हता. फक्त कडेला, जिथे कार्ड डब्याला स्क्रूने आवळतात, त्या बोटभर पत्र्याच्या पट्टीवर बारीक अक्षरात कोरलेलं होतं: ओमेश्वरीस, आत्या धुरपता कडून.

"आत्यायचं काऊन टाकलं?"

"लग्नात बुंदी नाही खाल्ली त्यायनं," लोकेंद्र म्हणाला, आणि चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकला.

केवळरामांनी चष्मा लावून ती पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि चष्मा काढून धोतराला पुसला.

"हे त आंदनातलंच हाय," ते म्हणाले. "जरा उशिरा पोचलं." आणि आत तोंड करून ओरडले, "नीलेश, तो पेनड्राइव्ह खिशात घाल!"

धुरपताबाईने भाचीला ग्राफिक्स कार्डही दिलं, ही बातमी कालव्याच्या पाण्यापेक्षा लवकर फुलचूरला पोचली. नंदलालमामा संतापून त्या दिवशी जेवला नाही. संक्रांतीला आत्या स्वतः तिळाचे लाडू घेऊन आल्या. त्या काय बोलून बसतील या भीतीने ओमेश्वरी सारखी आत-बाहेर करत होती, आणि पाणी देण्याच्या निमित्ताने त्यांना बाजूला घ्यावं तर केवळराम समोरच खुर्ची टाकून बसलेले.

आत्यांनी मशीनच्या मागे वाकून पट्टीवर बोट फिरवलं. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत पूर्ण वाचलं. मग सरळ होऊन त्यांनी लोकेंद्रकडे पाहिलं. तो कोंबडीच्या डब्याकडे बघत होता.

"केवढ्याले पडलं, आत्याबाई?" केवळरामांनी विचारलं.

आयुष्यभर मिठाच्या पुड्याचासुद्धा भाव चारचौघांत सांगत फिरलेल्या धुरपता आत्यांनी पदर नीट केला. "लेकराले देल्लेल्या वस्तूचा भाव सांगाव का?" त्या म्हणाल्या.

आत्या पडद्यासमोर मांडी घालून बसल्या आणि ओमेश्वरीच्या कानाशी लागल्या. "हाही दिमागच हाय का?"

"नाही, आत्याबाई. दिमाग तुमचाच हाय, तो आत हाय," ओमेश्वरी म्हणाली. "ही धूळ हाय."

तिने पट सोडला. दोन्ही जोड्या उसळून सुटल्या, खुरांमागून माती उठली, वाऱ्याबरोबर वळली आणि बघता बघता पडदाभर झाली. आत्यांनी नाकाला पदर लावला आणि तशाच पुढे सरकून बघत बसल्या.